घरी बसणाऱ्या वसुधाताई

वसुधाताईंची आणि माझी ओळख फोनवर झाली, तीही माझ्या मजकुराला कात्री लावतानाच. येवल्याच्या आमच्या पैठणी विणकर संस्थेत त्या मार्केटिंग समन्वयक म्हणून नुकत्याच रुजू झाल्या होत्या. प्रदर्शनाच्या पत्रकासाठी मी यंत्रयुगावर तुटून पडणारी तीन पानं पाठवली होती. ताईंनी नाशिकच्या घरून फोन केला. "सर, भाषण जोरदार आहे. पण यात साडी कुठे आहे?" मी उत्तर जुळवतोय तोच पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "गॅस बंद करून येते हं. तोवर तुम्ही साडी शोधा." पत्रक अखेर चार ओळींचं झालं, आणि लोकांनी ते वाचलंही.

जाहिरात म्हणजे खोटं बोलण्याची कला, असं मी व्यासपीठांवरून वर्षानुवर्षं सांगत आलो. ताईंनी ते वाद न घालता खोडून काढलं. आमचे जुने विणकर काशिनाथअण्णा यांच्या पत्नीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, माग थांबला आणि एका लग्नाची साडी अडकली. रेशीम मिळत नाही असं कळवून टाका, असं कार्यालयातून सुचवण्यात आलं. ताईंनी वधूच्या आईला खरं कारण सांगितलं, दुसऱ्या विणकराची तयार साडी दाखवली. त्या बाईंनी लग्नासाठी ती घेतली, अण्णांच्या मागावर अडकलेलीही पूजेसाठी राखून ठेवायला सांगितली. वर अण्णांच्या पत्नीची विचारपूस केली.

पुढे ताईंच्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला. त्यांना भरवणं, कुशीवर वळवणं ताईंकडे आलं. सकाळ-संध्याकाळ काम, दुपारी फोन बंद, अशी वेळ त्यांनी संस्थेकडून मागून घेतली. काम कधी अडलं नाही. तरीही आमच्या एका पदाधिकाऱ्यांनी सभेत ठराव आणला: समन्वयकाने रोज येवल्याच्या कार्यालयात हजर राहावं, जमत नसेल तर जागा सोडावी. नाशिकहून रोज एसटीने येऊन-जाऊन दिवस सरला असता. नोकरी की सासूबाई, एवढंच ताईंच्या हाती उरणार होतं. शेजारणीला सासूबाईंपाशी ठेवून त्या सभेला आल्या होत्या.

ठरावाविरुद्ध तयार केलेलं भाषण घेऊन मी उठणार, तोच ते पदाधिकारी म्हणाले, "मॅडम दिवसभर घरी बसून असतात. हे किती दिवस चालवायचं?"

मागून काशिनाथअण्णांनी मान डोलावली. "खरं हाय. लय बसत्यात त्या. आमची पोरं एवढी बसली असती, तर अजून काय पायजे होतं?"

सभा गोंधळली. विणकराच्या तोंडी बसणं म्हणजे मागावर बसणं. आज बसलो नाय, म्हणजे आजचं काम बुडालं. अण्णांना ती तक्रार कौतुक वाटली होती. विणकर हसू लागले, आणि हसता हसताच त्यांच्या ध्यानात आलं की इथे प्रत्येकाचा माग घरातच आहे. जिचं सगळं कापड घरांत विणलं जातं, ती संस्था एका बाईंना घरून काम करू नका म्हणत होती! ठराव मताला आलाच नाही. माझं भाषण मात्र वाया गेलं. ताई अजून त्यावरून मला चिडवतात.

सासूबाई अखेरपर्यंत ताईंच्या हातून जेवल्या. जीभ जड झाली होती, तरी संध्याकाळी विचारायच्या, "आज किती साड्या गेल्या गं?"

घर सांभाळून नोकरी केली म्हणून बाईचं कौतुक करणाऱ्यांतला मी नाही. ते ओझं तिच्यावर टाकणारेच पुढे टाळ्या वाजवतात. मी वाकतो तो ताईंच्या धिटाईपुढे. स्वतःची वेळ त्यांनी उपकार म्हणून घेतली नाही, कामाची अट म्हणून घेतली. आज हरसूल आणि त्र्यंबकेश्वरच्या दोन मुली त्याच अटीवर, आपापल्या घरून, त्यांच्या हाताखाली तयार होत आहेत.

ताई साठीत पाऊल ठेवत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि दुपारची ती वेळ आता तरी निवांत झोपेसाठी मिळो. त्यांच्यामागून या कामाला येणाऱ्या कुणालाही घरचं आजारी माणूस आणि नोकरी यांतलं एक निवडायला कुणी सांगू नये. सांगितलंच, तर ते वाया गेलेलं भाषण माझ्यापाशी अजून शिल्लक आहे.