विझवणाऱ्या आंटी

मालाडच्या आमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला लोक मेणबत्त्या लावतात आणि एक आंटी त्या विझवत फिरतात. पांढरे केस, कमरेला खोचलेला नॅपकिन, हातात मेण खरवडायचा पत्रा. स्टँड लहान, माणसं फार. म्हणून मेणबत्ती जरा जळली की आंटी फुंकर मारून ती डब्यात टाकतात. चेहऱ्यावर काहीही नसतं.

माझीही विझवली. मी चिडलो. "आंटी, उद्या आईचं ऑपरेशन आहे!"

"मागणं मागून झालं ना?"

"झालं."

"मग ते पोचलं. उरलं ते मेण. आईजवळ कोण आहे आता?"

"कोणी नाही."

"मग इथे काय करतोस? जा तिकडे."

गेलो. सकाळपासून ताटाला हात न लावलेली आई मला बघून जेवली.

ती बरी होऊन घरी आल्यावर मी आभाराची मेणबत्ती लावली. आंटींनी तीही विझवली आणि दुसरा पत्रा माझ्या हातात दिला. "तू त्या टोकाकडून सुरू कर."

तेव्हापासून दर बुधवारी मी तिकडून विझवत, खरवडत येतो, त्या इकडून. मधोमध भेटतो तेव्हा काम संपलेलं असतं आणि आंटी घरी निघतात. नाव विचारायचं राहूनच गेलंय.

लोक आता माझ्यावरही चिडतात.