चाळीस पेट्यांचे कोयंडे

आमच्या ह्यांच्याशी संसार म्हणजे डोक्याला ताप! नाव गोपीनाथ. पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं फिटर होते. रिटायर झाले तेव्हा म्हटलं, आता तरी गप बसतील. छे! आमचा समीर टांझानियात नोकरीला लागला, तिकडच्या गरीब खेड्यांत सायन्स शिकवणाऱ्या संस्थेत. लगेच ह्यांनी मल्हारगंजच्या आमच्या एवढ्याशा घरात तिथल्या शाळांसाठी सागवानी पेट्या बनवायला घेतल्या. आत भिंग, लोहचुंबक, कप्पी, बल्ब. बाहेरून चकाचक पॉलिश, पितळी कडी-कोयंडा आणि कुलूप.

"पोरांनी हातात घेऊन बघितलं पाहिजे, मनोरमा!" हे दिवसातून दहादा ऐकून माझे कान किटले.

पहिल्या वीस पेट्या गेल्या. सहा महिन्यांनी समीरचा व्हिडिओ कॉल आला. त्यानं दाखवलं, हेडमास्तरांच्या कपाटावर पेटी, तिच्यावर विणलेला रुमाल, कुलूप जसंच्या तसं.

"बाबा, सतरा शाळांत हेच. म्हणतात, इतकी चांगली चीज, पोरांनी तोडली तर?"

झालं! हे भडकले. "अरे यार, पोरांसाठी पाठवली की पूजेसाठी? अक्कल आहे की नाही लोकांना?"

माझंही डोकं फिरलं. "अहो, कुलूप कोणी लावलं? तुम्हीच ना? आणि आपल्या कपाटात काय आहे, तेही सांगा की समीरला!"

समीरच्या अबोलीला, म्हणजे इथं आमच्याकडेच राहणाऱ्या नातीला, आठव्या वाढदिवसाला ह्यांनी मायक्रोस्कोप आणला होता. ती आता अकराची. मायक्रोस्कोप अजून प्लॅस्टिकमध्ये, किल्ली ह्यांच्या खिशात. पोरगी मागून मागून थकली, शेवटी मागायचीच बंद झाली. मला त्याचाच जास्त राग यायचा.

हे उठून आत गेले. जेवलेही नाहीत धड.

दुसऱ्या दिवशी बघते तर पाठवायला तयार असलेल्या चाळीस पेट्यांचे कोयंडे हे पेचकसानं काढत बसलेले. मग सँडपेपर घेऊन पॉलिशही घासलं. महिनाभराची मेहनत! मला बघवेना.

संध्याकाळी ह्यांनी कपाट उघडलं आणि मायक्रोस्कोप अबोलीसमोर ठेवला. तिनं आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग खात असलेली शेवच चुरून भिंगाखाली ठेवली. तेलकट बोटं सगळीकडे. ह्यांचे हात पुढे आले, तसेच मागे गेले.

मी विचारलं, "फडकं देऊ का पुसायला?"

"राहू दे," हे म्हणाले. "तिचं बघून होऊ दे."