पासवर्डचे काळे ठिपके

मंडळी, आज सकाळी माझीच फाईल मला उघडेना.

इथे थळला मच्छीमार सोसायटीचं लिखाणकाम मी बघते. खलाशांचे रक्तगट, कुणाला कुठलं औषध चालत नाही, हे सगळं कॉम्प्युटरवरच्या एका फाईलमध्ये आहे. खासगी माहिती, म्हणून काल ती लिहायच्या प्रोग्राममधूनच तिला पासवर्ड घातला आणि जुनी उघडी फाईल शहाण्यासारखी पुसून टाकली!

आज जाळं ओढताना एका खलाशाचा हात दोरात अडकून फाटला. दवाखान्यातून होडीच्या म्होरक्याचा, तांडेलाचा फोन आला, "ताय, ह्याला घेरी आलीय. डॉक्टर इचारतायत, कंचं औषध चालत न्हाय?"

पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक. पाच वेळा! पडद्यावर नुसते काळे ठिपके, आणि कानाला तांडेल.

शेजारी जाळं सांधत बसलेली आई म्हणाली, "काल सोसायटीचा अर्ज मराठीत लिवत व्हतीस ना? माझ्या फोनवर पन तसंच व्हतं, मराठी तशीच ऱ्हाते."

अगदी तेच! काल पासवर्ड ठरवताना कीबोर्ड मराठीवरच राहिला होता, आज तो इंग्रजीवर होता. ठिपक्यांमुळे ना काल कळलं, ना आज. कीबोर्ड बदलला, त्याच कळा दाबल्या, फाईल उघडली.

"पेनिसिलिन देऊ नका!" मी ओरडलेच.

दुपारी तो खलाशी टाके घालून घरी आला. मग मी पोटभर जेवले.

आता पासवर्ड कागदावर लिहून आईच्या कपाटात ठेवलाय, "कीबोर्ड मराठी" या सूचनेसकट. तुमच्या कुलूपबंद फाईलची चावी तुमच्याशिवाय कुणाकडे आहे?