झाऱ्याच्या तोलाची नळी

शनिवार, ४ ऑक्टोबर २००८. हजर : बापूमामा, मालतीमामी, शेजारचा वॉल्टर आणि मी. मामी गाडीतच बसणार होत्या, म्हणून त्यांच्यासाठी शाल आणि शब्दकोडं. बाकी तिघांना शिकारीची, लांबून दिसणारी नारिंगी जाकिटं. थर्मासमध्ये आल्याचा चहा, डब्यात केळं घातलेला शिरा. चिवडा नाही. चिवडा खाताना होणारा कुरकुर आवाज खारींना ओकच्या शेंड्यावर ऐकू जातो, असं मामांचं ठाम मत होतं. "शिरा हेच शिकाऱ्याचं खरं अन्न," ते म्हणायचे, "बिनआवाजी आणि पोटभर." त्या दिवशी नदीकाठच्या जंगलात मामांनी दिवसभरात एकच गोळी झाडली, एकच खार टिपली, आणि परतताना मागच्या सीटवर मामींच्या खांद्यावर डोकं टाकून घोरत आले. मी आरशातून बघत होते. मामी हळूच म्हणाल्या, "जन्मभर लोकांना भूल दिली, आता स्वतःच घेतायत."

पुढच्याच आठवड्यात सकाळी मामींचा फोन आला. "अनू, हे उठत नाहीयेत गं..." एवढंच. झोपेतच गेले होते. मी कपडे बदलले, गाडी काढली, आणि सिग्नलला थांबले असताना कुणाकुणाला कळवायचं याची यादी मनात करत होते. माझा स्वभावच तसा आहे. दुःख झालं की मी यादी करते. त्या यादीतली कामं आता बहुतेक झाली आहेत आणि थोडी सवड मिळाली आहे, म्हणून हे लिहिते आहे. मामांबद्दल रडवेलं लिहिलं तर ते त्यांना आवडणार नाही, आणि खरं सांगायचं तर तसं लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाहीच.

मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. मूळचे कोल्हापूरचे, पेशानं भूलतज्ज्ञ, तरुणपणीच मिनेसोटात आलेले आणि तिथल्या ईडन प्रेरी गावात रुजलेले. २००१ साली मी पुण्याहून कामाच्या व्हिसावर इथं आले, तेव्हा विमानतळावर मामा-मामी दोघंही हजर होते. माझ्या हातात अर्थातच यादी होती : बँक, ड्रायव्हिंग लायसन्स, बर्फातले बूट. मामांनी ती मागून घेतली, खिशातलं पेन काढलं आणि खाली लिहिलं, 'खारीचा तांबडा रस्सा'. मला वाटलं, चेष्टा करतायत. मामी म्हणाल्या, "चेष्टा नाही बाई. माझ्या स्वयंपाकघरात मात्र ते चालत नाही. गॅरेजमध्ये त्यांची वेगळी शेगडी आहे, वेगळं पातेलं आहे, आणि मी वेगळीच आहे."

मामी पूर्ण शाकाहारी. मामा मात्र शेजारच्या वॉल्टरच्या नादानं खारींच्या शिकारीला लागलेले. वॉल्टर शाळेत संगीत शिकवायचा, आता निवृत्त. दोघं दर शरद ऋतूत बारीक गोळीचं, पॉइंट टू-टू बोराचं लहानसं पिस्तूल घेऊन निघायचे. बंदूक का नाही, असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "बंदुकीनं लांबून मारता येतं. पिस्तुलासाठी जवळ जावं लागतं. जवळ जायचं तर गप्प बसावं लागतं. एवढा वेळ गप्प बसायची सवय मला तुझ्या मामीनंच लावलीय."

मामांचा एक नियम होता आणि तो वॉल्टरलाही माहीत होता. हंगाम सुरू झाला की आधी नेमबाजीच्या मैदानावर जायचं. चटणीची छोटी वाटी कागदावर उपडी ठेवून पेन्सिलीनं गोल काढायचा, तो कागद वीस यार्डांवर लावायचा आणि उभं राहून पाच गोळ्या. पाचही गोलात बसल्या तर जंगलात जायचं. एक जरी बाहेर गेली, तर त्या आठवड्यात जायचं नाही. "भूल देताना अंदाजपंचे चालत नाही," मामा सांगायचे. "जनावराला नुसतं दुखवून सोडायचं असेल, तर घरी बसून टीव्ही बघावा."

अडचण आली ती त्यांच्या उजव्या खांद्याच्या ऑपरेशननंतर. पिस्तूल होतं चांगलं, पण त्याची पोलादी नळी जाडजूड आणि जड. मैदानावर पहिल्या दोन गोळ्या गोलात, तिसरी काठावर, चौथीला हात खाली. तो अख्खा हंगाम मामा जंगलात गेले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात मामींनी मला फोनवर सांगितलं, "अगं, दिवसभर खिडकीशी बसून अंगणातल्या खारींना नावं ठेवतायत. काहीतरी कर. यंदाही गेले नाहीत, तर मग कधीच जाणार नाहीत."

काहीतरी करणं हे माझं आवडतं काम. वॉल्टरनं सांगितलं की या पिस्तुलाची नळी एका स्क्रूवर सुटते आणि बाजारात हलक्या नळ्या मिळतात : आत पोलादाचं पातळ अस्तर, बाहेर ॲल्युमिनियम. मी कॅटलॉग मागवले आणि तक्ता केला. लांबी, वजन, रंग सगळं त्यात आलं. प्रश्न एकच होता : मामांच्या खांद्याला किती वजन झेपतं? २००७ च्या उन्हाळ्यातला तो रविवार मी विसरणार नाही. ओट्यावर वजनकाटा ठेवला आणि मामींच्या भांड्यांची ट्रायल सुरू झाली. मामांनी एकेक वस्तू हात लांब करून धरायची, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्यावर नेम धरायचा आणि मामींनी तीसपर्यंत मोजायचं.

खलबत्त्याचा बत्ता बारा आकड्यांतच डगमगला. लाटणं बरं चाललं. मामी मुद्दाम रेंगाळत होत्या, "अठरा... साडेअठरा... पावणेएकोणीस..."

"मालती, नीट मोज! हात तुटतोय माझा."

"मग ठेवा खाली. माझ्या लाटण्याला बंदुकीच्या दारूचा वास लागला तर पोळ्या कोण खाणार?"

शेवटी झारा आला. पुऱ्या तळायचा, लांब दांड्याचा. मामांनी तो तीस काय, पन्नासपर्यंत धरला. हात दगडासारखा स्थिर. मामींनी टाळ्या वाजवल्या. मी काट्यावर झाऱ्याचं वजन बघितलं, तक्त्यात लिहिलं आणि निष्कर्ष काढला : जितकी हलकी तितकी चांगली. कॅटलॉगमधली सगळ्यात हलकी, आखूड नळी मागवली. मामांनी ती स्वतः बसवली, आणि आम्ही मोठ्या थाटात मैदानावर गेलो.

पाच गोळ्यांपैकी गोलात एक! बाकीच्या चार कागदाच्या चारी कोपऱ्यांकडे, जणू घर वाटून घेतल्यासारख्या.  मामा पिस्तूल रिकामं करून खाली ठेवत म्हणाले, "ही नळी नाही गं अनू, शेपूट आहे. मी श्वास घेतला की ती हलते." वॉल्टरनं हसू दाबायचा प्रयत्न केला, तो त्याला जमला नाही. गाडीत बसल्यावर मामा मात्र गंभीर झाले. "राहू दे आता. तू खूप केलंस. माझं वयच झालंय, त्याला नळी काय करणार..." मामा कधीच असं बोलत नसत. 

घरी आल्यावर मामींनी पुऱ्यांचा घाट घातला. कुणी उदास असलं की मामी तळणीला लागतात. आम्ही तिघं ओट्याशी उभे होतो. मामांनी सवयीनं झारा उचलला, खिळ्यावर नेम धरला आणि तसेच उभे राहिले. मग दुसऱ्या हाताचं बोट दांड्याखाली सरकवत सरकवत त्यांनी झारा बोटावर तोलला. बोट चकतीच्या अगदी जवळ जाऊन थांबलं.

"अनू," मामा म्हणाले, "झारा हलका आहे. पण त्याचं वजन आहे कुठं?"

"टोकाला."

"टोकाला! आणि तू तक्त्यात काय लिहिलंस?"

"नुसतं वजन."

"बघा!" मामी झाऱ्यासाठी हात पुढे करत म्हणाल्या, "एक डॉक्टर, एक इंजिनिअर. आता द्या तो इकडे, पुरी करपतेय."

त्या संध्याकाळी मी तक्त्यात नवा रकाना टाकला : तोल कुठे. मग निवड सोपी झाली. त्याच घडणीची, पण दोन इंच लांब आणि तोंडाशी जराशी जाड नळी. पहिलीपेक्षा किंचित जड, मूळ नळीच्या निम्म्याहूनही कमी. आखूड नळी वॉल्टरनं त्याच्या पुतण्याला दिली. पुतण्याला ती आवडली म्हणे, तरुणांचं काय सांगावं.

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही पुन्हा मैदानावर. चार गोळ्या गोलात, एकमेकींना चिकटून. पाचवी पेन्सिलीच्या रेषेवर. वॉल्टर ओरडला, "आत आहे, आत आहे!" मी चष्मा पुसून बघितलं. मलाही आतच वाटली. वाटावी असंच वाटत होतं. मामांनी कागद उजेडाकडे धरला आणि घडी घालून खिशात ठेवला. "रेषा म्हणजे बाहेर," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी येऊ." आवाजात नाराजी अजिबात नव्हती. उलट गाडीत त्यांनी शीळ घातली. नळी बरोबर आहे हे त्यांच्या हाताला कळलं होतं, आता फक्त आठवड्याचा प्रश्न होता.

पुढच्या शनिवारी पाचही आत. मामांनी भर मैदानात वॉल्टरला मिठी मारली. वॉल्टर मिनेसोटातला जन्मला-वाढलेला माणूस, मिठीला अगदीच अवघडतो; पण त्या दिवशी त्यानंही मामांच्या पाठीवर दोन थापा मारल्या. मग माझ्याकडे वळून मामा म्हणाले, "अनू, विमानतळावरच्या यादीत एक काम राहिलंय तुझं." तिथून थेट जंगलात गेलो, मामांनी खार मिळवली, आणि त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये मी पहिल्यांदा तांबडा रस्सा खाल्ला. मटण म्हणावं तर मटण नाही, कोंबडी म्हणावं तर कोंबडी नाही. तिखट मात्र अस्सल कोल्हापूरचं. डोळ्यांतून पाणी काढत मी दुसरी वाटी मागितली. मामी दाराशी उभ्या राहून नाकाला पदर लावून म्हणाल्या, "बाटली गं बाटली, माझी भाचीसुद्धा बाटली!"

त्या नळीनं मामांना दोन शरद ऋतू दिले. खारी फार मिळाल्या असं नाही. कित्येकदा ते नुसतेच ओकला टेकून बसायचे, पिस्तूल कमरेच्या खोळीत, हातात शिऱ्याचा डबा. पण जायचे. नियमानं पाच गोळ्या झाडून, पाचही आत बसवून, हक्कानं जायचे. वॉल्टर आता म्हणतो की जंगलात बापूइतका सुखी माणूस त्यानं पाहिला नाही, आणि इतका हळू घास चावणाराही.

चार ऑक्टोबरला घरी पोचल्यावर मामांनी पिस्तूल रिकामं केलं, दोनदा तपासलं आणि तिजोरीत ठेवलं. नळी साफ करायचं काम ते दर वेळी त्याच संध्याकाळी उरकत, कुणाला हात लावू देत नसत. त्या दिवशी खांदा अवघडला होता. म्हणाले, "पुढच्या शनिवारी तू ये. आता तू शिक हे. सळई मागून घालायची, तोंडाकडून नाही, नाहीतर काठ खराब होतो. बाकी समोर बसून दाखवतो."

बँकेची कामं झाली. गाडी मामींच्या नावावर झाली. नातेवाइकांना पत्रं गेली, गॅरेजमधली शेगडी वॉल्टरकडे गेली. वॉल्टरनं दोनदा विचारलं, नळी कशी साफ करतात ते मी दाखवू का? या काडतुसांच्या काजळीनं नळी लगेच गंजत नाही, तशी घाई नसते, असंही तोच म्हणाला. मी सळई आणली, कापडाचे चौकोन कापले, तेलाची बाटली आणली. सगळं मामांच्या टेबलावर मांडून ठेवलं आहे. पहिला चौकोन आतून फिरवला की त्यांच्या शेवटच्या गोळीची काजळी कापडावर येणार... दर शनिवारी मी मामींकडे जाते, आम्ही चहा घेतो, आणि ते काम मी पुढच्या शनिवारच्या यादीत उतरवून घेते.