मावलीचा रिटर्न पिकअप

गेल्या ऑक्टोबरात पवित्र मरियेची मूर्ती आमच्या घरातून कळंबोलीच्या गोदामाकडे रवाना झाली, आणि 'आपले रिटर्न स्वीकारले आहे, धन्यवाद' असा मेसेज माझ्या मोबाइलवर आला.

ऑक्टोबर हा आम्हा कॅथलिकांचा रोझरीचा, म्हणजे जपमाळेचा, महिना. आमच्याकडे नेरूळला या महिन्यात मूर्ती घरोघरी फिरते. एका घरी एक दिवस मुक्काम, संध्याकाळी गाणी म्हणत, हातात धरून पुढच्या घरी, आणि तिथे सगळ्यांनी मिळून जपमाळ. आमच्यानंतर पाळी होती शेजारच्या शिरवण्यातल्या रोझा मावशींची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी ॲडमिट व्हायचं होतं. चार दिवस त्या सगळ्यांना बजावत होत्या, "आदल्या दिवशी मावली माझ्या घरात पायजे. मग डॉक्टर काय कापायचं ते कापू दे!"

पण रस्ता पाइपलाइनसाठी खणून ठेवलेला. ठरलं असं, की मंडळींनी थेट मावशींकडे जमायचं आणि मूर्ती आम्ही रिक्षातून आणायची. रिक्षा म्हणजे खड्डे, खड्डे म्हणजे धक्के. आता, मी एकवीस वर्षं एका कंपनीच्या पॅकिंग खात्यात आहे. (हे वाक्य घरात मला कुणी पूर्ण करू देत नाही.) मी मूर्तीला बबल रॅपचे सात थर गुंडाळले, कोपऱ्यांना थर्माकोल लावलं, खोकं चिकटपट्टीनं बंद केलं. अंगात आलंच होतं, म्हणून परत पाठवायचा नवा मिक्सरही तसल्याच खोक्यात तस्साच पॅक केला. तो सुरू केला की आवाजानं खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला यायचे!

"फ्रान्सिस, खोक्यांवर नावं लिही," जेनेट म्हणाली. जेनेट म्हणजे माझी बायको.

"एकवीस वर्षं मी..."

"बरं बाबा!" म्हणून ती साडी नेसायला गेली.

तेवढ्यात मिक्सर न्यायला रिटर्नवाल्या ताई आल्या. चाळिशीच्या, डोक्याला हेल्मेट, पाठीवर भली मोठी बॅग. "दादा, खोलून बघायला लागतं."

"खोलू नका हो! असं पॅकिंग पुन्हा होणार नाही!"

"तुमचीच जबाबदारी हाय हां," म्हणत त्यांनी पुढचं खोकं उचललं. मी हसत हसत ओटीपी दिला.

सात वाजता मावशींच्या घरी वीसेक माणसं मेणबत्त्या पेटवून उभी. टेबलावर पांढरी चादर, झेंडूचा हार. स्वागताचं गाणं सुरू झालं. मी ऐटीत खोकं ठेवलं, कात्री मागितली, एकेक थर उलगडला. शेवटच्या कडव्याला, सगळे गुडघे टेकत असताना, आतून मिक्सर प्रकट झाला. चटणीच्या भांड्यासकट!

गाणं थांबलं. रोझा मावशींनी मिक्सरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पोरा, हे काय आनलंस? आनि माझी मावली कुठं हाय?" त्यांचे डोळे भरून आले. देवाशपथ सांगतो, मला रडू येत होतं.

येण्याआधी ताईंनी ज्या नंबरवरून फोन केला होता, त्यावर मी पायऱ्या उतरता उतरता फोन लावला.

"ताई, कुठे आहात?"

"उरन फाट्याला. सामान कलंबोलीच्या गोडाऊनला टाकाया चाललेय."

"थांबा! खोक्यात आमची देवी आहे!"

"काय?"

"मरियामाता!"

पलीकडे स्कूटरचा ब्रेक करकचला. मग आवाज आला, "थांबते. तुमी या."

रिक्षात मी जपमाळ सुरू केली. एरवी माझं लक्ष दुसऱ्या 'नमो मरिया'लाच उडतं. त्या दिवशी एकेक शब्द कळवळून निघत होता.

फाट्यावर खोकं उघडता उघडेना. सात थर! नखांनी, किल्लीनं, शेवटी दातांनी ओढलं. (वाटेनं जाणारा एक ट्रकवाला थांबून बघून गेला.) आतून निळ्या वस्त्रातला शांत चेहरा दिसला. टवका नाही, चरा नाही. माझा जीव भांड्यात पडला. ताईंनी चपला काढल्या.

"अगो बाय! ही त आमची मोतमावली! दिवाळे गावचे आमी कोली, दरवर्सी जातो तिच्या जत्रेला. आनि मी तिला बॅगेत कोंबली!"

"चूक माझी, ताई."

"ती हायेच तुमची! आता खोक्यात नाय घालायची. बसा मागं."

अशा तऱ्हेनं मी ताईंच्या स्कूटरवर मागे बसलो, मूर्ती छातीशी धरून. सगळे खड्डे मी माझ्या अंगावर घेतले.

मावशींकडे जपमाळ थांबली नव्हती. मिक्सर टेबलावर तसाच, मेणबत्त्यांच्या मधोमध, आणि मंडळी जपमाळेच्या पाचातल्या चौथ्या रहस्यावर! मी मूर्ती थेट मावशींच्या हातात दिली. त्यांनी ती गालाला लावली, ताईंना चहा दिला आणि मला मिक्सर उचलायला सांगितलं. पॅकिंग उलगडलेलं, म्हणून ताईंनी रिटर्न रद्द केलं आणि तो परत आमच्याच घरी आला.

चार दिवसांनी मावशींचा घरून फोन आला. ऑपरेशन छान झालं होतं. मी मनातल्या मनात क्रूसाची खूण केली.

"डॉक्टरांनी पातल खायाला सांगितलंय," मावशी म्हणाल्या. "तुझा तो मिक्सर दे आनून. आनि ऐक, पॅक नको करू. हातात आन!"

भर दुपारी मी मिक्सर दोन्ही हातांत धरून शिरवण्याच्या गल्लीतून चालत गेलो. त्या संध्याकाळी रोझरीला आलेल्या एका काकू समोरून आल्या, थबकल्या, आणि मिक्सरला हात जोडून म्हणाल्या, "आज मावलीला कुठं पाठवलंत?"