यांची जीप आणि माझा तांब्या

निरोप आला तेव्हा मी यांच्यावर चिडूनच बसले होते. पोळ्या करायला घेतल्या तर पोळपाटावर जीपचा शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे चाकाचे धक्के पोटात घेणारं ते लोखंडी नळकांडं, उघडून ठेवलेलं. आणि हे एसटीने झरीच्या रानातल्या लाकडाच्या डेपोवर गेलेले. आले की चांगलं सुनवायचं ठरवलं होतं. एवढ्यात धाकटा दीर माधव दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "वैनी... दादा गेला. डेपोवर बसल्या बसल्याच." सुनवायचं ते तोंडातच राहिलं.

लष्कराच्या लिलावातली ती जीप यांनी डेपोच्या रस्त्यासाठी घेतली. माझं माहेर त्याच वाटेवर. पहिल्याच फेरीत ती नाल्यात अशी आदळली, की माझी कंबर जन्माची धरली. मी रागाने म्हटलं, मांडीवरच्या काठोकाठ भरलेल्या तांब्यातलं पाणी सांडणार नाही, त्या दिवशी बसेन तुमच्या जीपमध्ये. बैलगाडीने माहेर फार लांब, त्यामुळे माझं जाणं जवळजवळ थांबलंच. आणि यांनी माझं बोलणं मनावर घेतलं!

मग घर घर राहिलं नाही. यवतमाळच्या भंगारवाल्याकडे हे एकेक जुनं नळकांडं दाबून, ओढून, कानाशी नेऊन निवडत बसायचे. मला पाहायला आले तेव्हा एवढा वेळ लावला नव्हता. आतले चामड्याचे वायसर माझ्या नव्या चपलेतून कापले. एकदा माझ्या बरणीतलं जवसाचं तेल आत भरलं. काही दिवसांत त्याचा डिंक झाला आणि जीप पहिल्यापेक्षा जास्त आदळू लागली. दर रविवारी माधव यांच्याबरोबर जीपमधून मांडीवर तांब्या घेऊन नाल्यापर्यंत जायचा आणि भिजलेल्या धोतराने परत यायचा.

"कायले चिडतं वो? तुह्यासाठीच त करून राह्यलो न," हे म्हणायचे.

"मले काही नको. माही कढई तेवढी द्या," मी म्हणायचे. कढईत वायसर भिजत असायचे...

तीन चाकांचे झाले होते. पोळपाटावर होता तो चौथा.

तेरावं झाल्यावर रीतीप्रमाणे मला माहेरी न्यायचं होतं. माधवने दादाने सांगून ठेवल्याप्रमाणे एरंडेल भरून चौथा जोडला आणि जीप दारात आणली. मी तांब्या काठोकाठ भरला आणि बसले. नाल्यात जीप उतरली, वर आली. पाणी काठाला आलं, डुचमळलं, पुन्हा मागे गेलं.

"वैनी, नाही सांडलं!" माधव ओरडला.

मला असा संताप आला! सांडलं असतं तर यांच्याशी भांडायला कारण तरी उरलं असतं. मी तांब्या घट्ट धरून रडत राहिले, आणि मग मात्र सगळं पाणी माझ्याच लुगड्यावर सांडलं.

पोळपाटावरचा तेलाचा काळा डाग किती घासला तरी जात नाही. रोज पहिली पोळी लाटताना मी त्याला मोठ्याने ऐकवते, "झालं ना तुमच्या मनासारखं? मग आता या की घरी."