बांधावरची नीलांबरी

नीलांबरी सरदेशमुख राहुरीला शेती शिकली आणि २००२मध्ये नवऱ्याच्या नोकरीमागे नेदरलँड्सला आली. यतीन रोज अ‍ॅमस्टरडॅमच्या स्लोटरडाइक भागातल्या ऑफिसात जाई. घरी बसून ती विटली, मग नीउ-व्हेनेप गावाजवळ दोन एकर जमीन खंडाने घेऊन डेलिया लावू लागली. जमीन कालव्याच्या पाण्यापेक्षा खाली, मध्ये फक्त मातीचा बांध. म्हणून बांधावर पाळत ठेवणाऱ्या स्वयंसेवकांच्या तुकडीतही तिने नाव घातलं.

२००६च्या जुलैत पावसाने पाठ फिरवली. बांधाची माती वाळून हलकी झाली, भेगा पडल्या. नीलांबरीने पाटबंधाऱ्याच्या कचेरीला तीन पत्रं लिहिली. शेवटी एक साहेब आला, पण गाडीतून उतरलाच नाही.

"बाई, हा भारत नाही. इथले बांध असे फुटत नाहीत."

"उतरा आणि भेगेत हात घाला. माझा कोपरापर्यंत जातो!"

त्याने काच वर केली.

संध्याकाळी यतीन म्हणाला, "कशाला नसत्या भानगडीत पडतेस? आपले इथे राहण्याचे कागद अजून पक्के व्हायचेत."

"शेत बुडालं की तेच कागद पांघरून झोप!" ती कडाडली आणि भरल्या ताटावरून उठली.

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी फेरीवर असताना तिच्या डोळ्यांदेखत बांधाचा साठ पावलांचा तुकडा खाली घसरला आणि कालव्याचं पाणी आत घुसलं. स्वतःच्या शेताकडे न बघता ती बांधाखालच्या तीन घरांची दारं बडवत सुटली. माणसं वाचली. डेलिया गाळाखाली गेले.

गावच्या सभेत साहेबाने सांगितलं, "पूर्वसूचना नव्हती."

नीलांबरीने पत्रांच्या पोचपावत्या टेबलावर आपटल्या. साहेब खाकरला. "हो, पण बाईंचं डच आम्हाला नीट समजलं नाही."

तेव्हा तिसऱ्या घरातली म्हातारी काठी टेकत उभी राहिली. "मला समजलं. ती म्हणाली, पळा. मी पळाले."

त्या हिवाळ्यात नीलांबरी ग्रामसमितीवर निवडून आली. पत्रकं वाटायला यतीन स्वतः सायकलवरून हिंडला. तुकडीची तक्रार आली की चोवीस तासांत अधिकाऱ्याने बांधावर पायी यायचं, हा नियम तिने पहिल्याच बैठकीत कचेरीशी भांडून करून घेतला.

साहेबाने माफी मागितली नाही. वसंतात त्याची बदली झाली, तीही बढतीवर. बातमी कळली तेव्हा नीलांबरी शेतातला उरलेला गाळ उपसत होती. तिने फावडं असं हाणलं की दांडा मोडला.